उचल, उतारा आणि सातवीचे गणित

दसरा झाला की आमच्या भागातली गावे रिकामी व्हायला लागतात. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी, केज ही बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्याची नावे वर्तमानपत्रात येतात ती बहुधा दोनच कारणांनी, एक दुष्काळ आणि दुसरे ऊसतोडणी. बँकेतून निवृत्त झाल्यापासून दसऱ्याच्या सुमारास मी गावी जाऊन राहतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कोठी, भांडी, सरपण, शेळी आणि लेकरे अशा क्रमाने संसार चढताना पाहतो. नवरा-बायकोच्या जोडीला मुकादमाच्या वहीत एकच नाव असते, 'कोयता'. दोन माणसे मिळून एक कोयता. आमच्याकडे लेकराच्या कानावर पडणारे पहिले गुणोत्तर बहुधा हेच असावे.

गेल्या दसऱ्यानंतर शेजारचा गडी संध्याकाळी ओट्यावर आला. बरोबर सातवीतली मुलगी होती. त्याच्या हातात चतकोर कागद. "अण्णा, तुम्ही बँकेत व्हते. एवढं बघा बरं. पोरगी म्हनती हिशोब चुकलाय, मुकादम म्हनतो बरोबर हाय."

प्रकरण साधे होते. मागच्या हंगामात घेतलेली उचल पुरती फिटली नव्हती. बावीस हजार अंगावर राहिले होते. चैत्रात गावी परतताना मुकादमाने सांगितले, बाकीवर शेकडा तीन पडेल. दसऱ्याला नवी उचल देताना त्याने बावीस हजारांवर 3,960 रुपये व्याज लावून ते कापून घेतले. मुलीने वहीत हिशेब केला होता. शेकडा तीन म्हणजे शंभराला तीन, बावीस हजारांत शंभर दोनशे वीस वेळा, म्हणून 660 रुपये. तिची रीत अगदी बरोबर होती. मुकादमाचा गुणाकारही बरोबर होता. 660 त्याने सहाने गुणले होते, कारण त्याचा 'शेकडा तीन' दर महिन्याचा होता.

मी तिला विचारले, "व्याजाचा धडा झाला का तुझा?" ती म्हणाली, "शेकडेवारीचा झाला. नफा-तोटाही झाला. मग आजी आजारी पडली अन् मला फडावर नेलं. व्याज राहिलं."

ते 'व्याज राहिलं' माझ्या डोक्यातून गेले नाही. दुसऱ्या दिवशी तिची पुस्तके मागवून घेतली. बालभारतीने 2016 साली सहावीचे आणि 2017 साली सातवीचे गणिताचे पुस्तक नवे केले. दोन्ही पुस्तकांचे दोन विभाग आहेत. सहावीत गुणोत्तर-प्रमाण, शेकडेवारी, नफा-तोटा, बँक व सरळव्याज हे चारही धडे दुसऱ्या विभागात आहेत. सातवीत समप्रमाण-व्यस्तप्रमाण आणि पुन्हा बँक व सरळव्याज, तेही दुसऱ्याच विभागात. दुसरा विभाग म्हणजे दिवाळीनंतरचे सत्र. आणि दिवाळीनंतर आमचे पोर कुठे असते? कोल्हापूर, सांगली, नगर, नाही तर कर्नाटकातल्या एखाद्या उसाच्या फडात. कोन, अपूर्णांक, मसावि-लसावि त्याच्या वाट्याला येतात. ज्या गणितावर त्याच्या आई-बापाचे वर्ष उभे आहे, ते मात्र तो गावात नसताना शिकवून होते. यात कोणाचा दुष्ट हेतू नाही. पुस्तक करणाऱ्यांनी गणिताचा क्रम पाहिला, हंगामाचा क्रम त्यांच्यासमोर नव्हता, इतकेच.

आमच्या वडिलांच्या पिढीला हे गणित पुस्तकातून कोणी शिकवले नव्हते. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात. आमच्याकडे हैदराबादचा हाली सिक्का चाले आणि पलीकडे इंग्रजी हद्दीत, नगरच्या बाजूला, कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार. वडील सांगत, हद्दीपलीकडच्या बाजारात बैल घेऊन जाणारा माणूस अंगठाबहाद्दर असला तरी हे तोंडी करी. हालीचे कलदार करायचे तर सातवा हिस्सा काढायचा आणि कलदाराचे हाली करायचे तर सहावा हिस्सा घालायचा. शंभर कलदारांचे 116 रुपये 10 आणे 8 पै हाली होत. काढताना सातवा आणि घालताना सहावा, असे का? फरक तर दोन्हीकडे एकाच रुपयाचा. कारण एकदा तो सातातला असतो आणि एकदा सहावरचा. हा बारकावा ज्याला कळत नसे तो बाजारात फसे. टक्केवारीचे सारे मर्म यात आहे. 'किती' हा प्रश्न दुसरा, 'कशावर' हा पहिला.

शास्त्रात याला त्रैराशिक म्हणतात. भास्कराचार्यांच्या 1150 सालच्या 'लीलावती'त प्रमाण, फल आणि इच्छा अशी तीन पदे आहेत. फलाला इच्छेने गुणावे आणि प्रमाणाने भागावे. आपल्या गावाचे नाव भास्कराचार्यांनी विज्जडविड असे दिले आहे. ते आपले बीडच, असे काहींचे म्हणणे, तर काहींच्या मते ते चाळीसगावजवळचे पाटण. तो वाद विद्वानांनी करावा. मला रस आहे तो 'लीलावती'तल्या व्याजाच्या उदाहरणात. तिथे दर आहे शेकडा दरमहा पाच. पण आचार्यांनी तिथे तीन पदांवर भागवले नाही, पंचराशिक मांडले, कारण व्याजात काळ येतो. रक्कम, दर आणि मुदत. आमच्या मुलीच्या हिशेबात नेमका काळ राहून गेला होता.

शाळेत आम्ही 'द.सा.द.शे.' घोकले. दर साल दर शेकडा. सावकारी हिशेबात ते 'दर महा दर शेकडा' असते, पण बोलताना 'दर महा' गळून पडते आणि उरते फक्त 'शेकडा तीन'. ऐकायला तीन टक्के, प्रत्यक्षात वर्षाला छत्तीस. दोन अक्षरे गळाली की दर बारा पट होतो.

मी स्वतः सहावीत होतो त्या वर्षी, 1972 साली, दुष्काळ पडला. आमचे गुरुजी सुट्टीच्या दिवशी आम्हाला खडी फोडण्याच्या कामावर घेऊन गेले. आमच्यातल्या निम्म्यांचे आई-बाप तिथेच होते. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. गुरुजींनी ढीग मोजायला लावला आणि मग विचारले, "दोन माणसांना एक ब्रास फोडायला पाच दिवस लागले, तर पाच माणसांना किती?" आम्ही ओरडलो, "दोन." "आणि मजुरी किती पट?" सगळे गप्प. कोणी अडीच पट म्हणाले. गुरुजी म्हणाले, "खडी तेवढीच, तर मजुरीही तेवढीच. वाटणारे मात्र पाच झाले." माणसे वाढली की दिवस घटतात आणि एकेकाचा वाटाही घटतो, हे व्यस्त प्रमाण मला त्या ढिगापाशी कळले, ते आजतागायत विसरलो नाही.

तरीही चूक माझ्या हातून झालीच. 1984 च्या सुमारास मी एका ग्रामीण शाखेत होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाची कर्जे तेव्हा जोरात होती. अल्पभूधारकाला अनुदान 25 टक्के, अत्यल्पभूधारकाला आणि शेतमजुराला 33⅓ टक्के. एका शेतकऱ्याला म्हशीसाठी प्रकरण मंजूर झाले. म्हैस तीन हजारांची, अनुदान एक हजार, कर्ज दोन हजार, हप्ता महिन्याला 66 रुपये. टेबलावर गर्दी होती. मी घाईत त्याला म्हणालो, "यातला तिसरा हिस्सा सरकारचा, बरं का." त्याने मान डोलावली आणि दर महिन्याला इमानाने 44 रुपये भरू लागला. तिसरा हिस्सा सरकार भरते, अशी त्याची समजूत. दीड वर्षाने थकबाकीची नोटीस गेली तेव्हा तो पासबुक घेऊन आला. "सायेब, तुम्हीच म्हनले व्हते." त्याचे त्रैराशिक चोख होते. 66 चे दोन तृतीयांश 44 च होतात. तिसरा हिस्सा म्हशीच्या किमतीचा, हप्त्याचा नव्हे, हे वाक्य मी बोललो नव्हतो. थकलेल्या हप्त्यांसाठी त्याने शेवटी काय विकले ते मी इथे लिहीत नाही. पण त्या दिवसापासून 'टक्के' हा शब्द मी 'कशाचे' याशिवाय उच्चारला नाही.

हे सगळे आज आठवण्याचे कारण म्हणजे ऊसतोडणीच्या धंद्यात टक्क्यांची कमतरता नाही. केंद्र सरकारने 2024-25 च्या हंगामासाठी उसाचा दर क्विंटलला 340 रुपये ठरवला, तो 10.25 टक्के साखर उताऱ्याला. उतारा 0.1 टक्क्याने वाढला की 3.32 रुपये जास्त. हा आकडा आला कुठून? 340 ला 10.25 ने भागा, 33.17 येतात. त्याचा दहावा भाग घ्या. सातवीचे समप्रमाण, दुसरे काही नाही. शेतकऱ्याला उसाचा भाव दशांश चिन्हापर्यंत मोजून मिळतो. तो ऊस तोडणाऱ्याचा हिशेब मात्र चतकोर कागदावर.

आता दुसरा टक्का पाहू. जानेवारी 2024 मध्ये साखर संघ आणि कामगार संघटनांच्या करारात तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली आणि मुकादमाचे कमिशन 19 वरून 20 टक्के झाले. गावात सगळे म्हणाले, मजुराला चौतीस आणि मुकादमाला एकच. मुलीला मी हेच उदाहरण घातले. पूर्वी शंभर रुपयांची मजुरी झाली की मुकादमाला 19 रुपये. आता तेवढ्याच उसाची मजुरी 134, तिचे 20 टक्के म्हणजे 26 रुपये 80 पैसे. 19 चे 26.80 झाले, म्हणजे वाढ 7.80. ती 19 च्या मानाने 41 टक्के. मुलीने दोनदा करून पाहिले आणि बापाकडे बघून हसली. "एक टक्का न्हाई, एक्केचाळीस हाय." कमिशन कारखाना देतो, मजुराच्या मजुरीतून ते जात नाही, आणि मुकादमालाही बुडालेल्या उचलीची भीती असते. तेव्हा त्याला खलनायक ठरवण्याचा हेतू नाही. टक्का कशावर आहे हे विचारले नाही तर एक आणि एक्केचाळीस यांतला फरक दिसत नाही, एवढेच सांगायचे.

त्या 3,960 रुपयांचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. हिशेबाच्या सोयीसाठी टनाला 350 रुपये आणि कोयत्याला दिवसाला दोन टन धरू. रोजचे 700. बापाच्या समजुतीतले 660 आणि कापलेले 3,960 यांत 3,300 चे अंतर, म्हणजे दोघांची जवळजवळ पाच दिवसांची तोड, तीही पहाटे चारला उठून. मुलीने विचारले, "अण्णा, महिन्याचा का सालाचा, असं मुकादमाला इचारलं तर तो चिडंल का?" मी म्हणालो, चूक काढू नका, समजावून सांगा म्हणा. बापाने तसे विचारले. मुकादम चिडला नाही. म्हणाला, "महिन्याचाच असतो, सगळ्यांनाच म्हाईत हाय. स्वस्तात पायजे तर बँकेत जा." बिनजमिनीच्या, सहा महिने परगावी राहणाऱ्या माणसाला बँक कितपत दारात उभी करते, हे मला चांगले ठाऊक आहे. मी गप्प बसलो.

म्हणून गणित शिकवले की शोषण संपेल, असे मी म्हणणार नाही. दर ठरतो तो गरजेवर, हिशेबावर नव्हे. पण उचल घेण्याआधी 'महिन्याला तीन की सालाला तीन' हे कळले असते, तर बाकी ठेवायची की गावातली दोन शेळ्या विकून फेडायची, हे त्या घराला चैत्रातच ठरवता आले असते. तेवढे स्वातंत्र्य सातवीच्या एका धड्यात आहे. तो धडा आमच्या भागात दिवाळीआधी घ्यायला काय हरकत आहे? त्यासाठी निधी लागत नाही, नवे पुस्तक लागत नाही. धड्यांचा क्रम तेवढा बदलावा लागेल. हंगामी वसतिगृहांतल्या मुलांना काट्याची पावती आणि उचलीचा कागद हेच स्वाध्याय म्हणून द्यावेत. जे शिक्षक आपल्या हिशेबाने असे करत असतील त्यांना माझा नमस्कार.

मुलगी शेवटी गेलीच. आजी आता नाही आणि धाकट्या भावाला फडात सांभाळायला कोणीतरी हवे. जाताना तिला शंभर पानी वही दिली आणि रूळ घेऊन तीन रकाने आखून दिले. 'किती', 'कशावर' आणि 'किती दिवसांचे'. परवा बापाच्या मोबाईलवरून तिचा फोन आला. आवाज नीट येत नव्हता. तिने एवढेच सांगितले, "अण्णा, काट्याची पावती आता बाबा माझ्याकडं देत्यात. मी रोज लिहिते."