नऊ महिन्यांचा पुरावा

मुळशी तालुक्यात महाराष्ट्राची तीन रूपे एकाच रस्त्यावर भेटतात. पश्चिमेला धरण, मुसळधार पाऊस आणि भातखाचरे, पूर्वेला हिंजवडीचे आयटी पार्क आणि मध्ये पिरंगुट-उरवडे पट्ट्यातले कारखाने. इथल्या एखाद्या गरोदर बाईचा चुलीचा धूर, शेतातली फवारणी आणि कारखान्यातली रसायने या तिन्हींशी एकाच आठवड्यात संबंध येऊ शकतो. ७ जून २०२१ रोजी उरवड्यातल्या एका रासायनिक कारखान्याला भीषण आग लागली. मृत कामगारांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. त्या मृत्यूंची नोंद झाली, चौकशीही झाली. परंतु जो संपर्क पेट घेत नाही, रोज थोडाथोडा शरीरात जातो, त्याची नोंद कोण ठेवतो? गरोदरपणात आईच्या शरीरात काय आणि किती गेले हे त्याच महिन्यांत मोजले नाही, तर ते पुढे बहुधा कायमचे हातून जाते. म्हणूनच गरोदरपणापासून सुरू होऊन मूल मोठे होईपर्यंत चालणारा अभ्यास अशा तालुक्यांत हवा.

वार बाळाला सगळ्या विषांपासून वाचवते, हा समज जपानमधल्या मिनामाटाने खोटा ठरवला. तिथला पाऱ्याचा आजार १९५६ मध्ये उघडकीस आला, आणि पुढे दिसले ते असे की, स्वतःला फारसा त्रास नसलेल्या आयांच्या पोटी मेंदूला गंभीर इजा झालेली मुले जन्मली. शिसेही वारेतून पार होते. ते आईच्या हाडांत वर्षानुवर्षे साठते आणि गरोदरपणात हाडांतले कॅल्शियम बाळासाठी खर्ची पडू लागले की त्याच्यासोबत रक्तात उतरते. प्लास्टिक मऊ करणारे थॅलेट किंवा अनेक कीटकनाशके यांची गत उलटी. ती एक-दोन दिवसांत लघवीवाटे निघून जातात, परिणाम मात्र काही वर्षांनी दिसू शकतो. शाळेत मुलाचे लक्ष लागत नाही म्हणून कोणी कारण शोधू गेले, तर तोवर पुरावा उरलेला नसतो. काही धातूंपुरता एक अपवाद आहे. दुधाचे दात पोटातच घडू लागतात आणि शिशाचा माग जपून ठेवतात. पडलेल्या दातांतले शिसे मोजून हर्बर्ट नीडलमन यांनी १९७९ मध्ये त्याचा मुलांच्या बुद्धीशी असलेला संबंध दाखवला.

असा दीर्घ अभ्यास खेड्यात जमत नाही, असे म्हणायला पुणे जिल्ह्यात तरी जागा नाही. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये जिल्ह्यातल्या सहा गावांत मातृपोषणाचा अभ्यास सुरू केला. तो गरोदर होण्याआधीच्या स्त्रियांपासून सुरू झाला आणि जवळजवळ ८०० गरोदरपणांचा त्यात मागोवा घेतला गेला. बाळ जन्मले की त्याच्या खांद्याच्या पात्याखालची कातडी चिमट्यात धरून चरबीची जाडी मोजली जाई. सरासरी वजन सुमारे २.७ किलो, म्हणजे इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांपेक्षा जवळपास ८०० ग्रॅम कमी, पण पाठीवरची चरबी मात्र तुलनेने टिकून होती. गरोदरपणाच्या १८व्या आणि २८व्या आठवड्यात घेतलेल्या रक्तातून दिसले की सुमारे दोन-तृतीयांश स्त्रियांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. ज्यांच्यात ते कमी आणि फोलेट जास्त, त्यांची मुले सहाव्या वर्षी इन्सुलिनला कमी दाद देणारी निघाली. जे पोषणाबाबत साधले, ते रसायनांबाबतही साधता येईल.

साठवलेल्या नमुन्याचे मोल कॅलिफोर्नियात सिद्ध झाले. ओकलंडमध्ये १९५९ पासून गरोदर स्त्रियांचे रक्त गोठवून ठेवले होते. २०१५ मध्ये त्यातले डीडीटी मोजल्यावर कळले की, ज्या आयांच्या रक्तात त्याचा एक प्रकार सर्वाधिक होता, त्यांच्या मुलींना स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे चौपट होता. नमुने जमवताना हा प्रश्न कोणी विचारलाही नव्हता.

आधी अन्न, मग रसायने, असा आक्षेप घेतला जातो. पण शरीर असे दोन कप्पे पाडत नाही. लोह आणि कॅल्शियम कमी असले की आतड्यातून शिसे जास्त शोषले जाते. ज्या बाईचे हिमोग्लोबिन कमी, तिलाच विषाची झळ अधिक. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगात सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात काळजी करण्याइतके शिसे आहे आणि त्यांतली साडेसत्तावीस कोटी भारतातली आहेत. हा श्रीमंतांचा प्रश्न नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. भारत (तमिळनाडू) धरून चार देशांत ३,२०० गरोदर स्त्रियांवर झालेल्या चाचणीत निम्म्या घरांना गॅस दिला. धुराचे सूक्ष्म कण इतर घरांतल्या स्त्रियांबाबत घनमीटरला सुमारे ७० मायक्रोग्रॅम होते, तर गॅस मिळालेल्यांबाबत सुमारे २४, तरी बाळांच्या वजनात लक्षणीय फरक पडला नाही. मग मोजण्यात काय अर्थ? अर्थ असा की समजुतीवर धोरण आखता येत नाही. शिवाय स्त्रिया चाचणीत आल्या त्या गरोदरपणाच्या ९व्या ते २०व्या आठवड्यात, आणि गॅस त्यानंतरच मिळाला. तेव्हा उशीर झाला असण्याची शक्यता उरतेच. याज्ञिकांच्या चमूनेही २०१२ मध्ये पुण्याच्या अभ्यासातल्या, तोवर किशोरवयीन झालेल्या मुलामुलींना बी-१२ द्यायला सुरुवात केली, कारण गर्भधारणेनंतर पुष्कळदा उशीर झालेला असतो.

अशा तपासण्यांनी गरोदर बायका धास्तावतील, ही भीती खरी आहे. म्हणून निष्कर्षाचा बोजा त्यांच्यावर टाकता कामा नये. ‘हे खाऊ नका, तिथे जाऊ नका’ असे बाईला बजावणे सोपे, कारखान्याची हवा सुधारणे अवघड, आणि करायचे ते अवघड कामच आहे. शिसे आणि पारा यांबाबत तर आणखी पुराव्यासाठी थांबायचेही कारण नाही.

मुळशीत सुरुवात आशाताईंच्या नोंदीपासूनच व्हावी. घरात इंधन कोणते, फवारणी कोण करते, काम कुठल्या कारखान्यात, हे तीन प्रश्न प्रत्येक गरोदर स्त्रीला विचारावेत. तिच्या संमतीने लघवीचा आणि बाळंतपणात नाळेतल्या रक्ताचा थोडा नमुना गोठवून ठेवावा, आणि निकाल आधी तिला सांगावा. जिल्ह्यात अनुभवी संशोधक आहेत, गावोगाव आरोग्यसेवक आहेत. आता आरोग्य खात्याने आणि जिल्हा परिषदेने यासाठी पैसा आणि माणसे द्यावीत.