ओवीचे उगमस्थान

गीतकाराला स्फूर्ती कोठून मिळते, याचे उत्तर आपण बहुधा नामवंत कवींच्या चरित्रांत शोधतो. घोडनदीकाठच्या शिरूर आणि भीमाकाठच्या दौंड परिसरात ते घरोघरच्या जात्यापाशी सापडते.

पहाटे, घर झोपेत असताना, स्त्रिया दळायला बसत. दगडाच्या फिरण्यातून लय मिळे. माहेर, भाऊ, पंढरीचा विठ्ठल आणि वनवासी सीता हे विषय होत. सासुरवासाचे जे दुःख दिवसा बोलता येत नसे, ते जात्याला सांगता येई. कष्ट आणि एकांत, हीच ओवीची प्रेरणा.

हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून १ लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. शिरूर तालुक्यातील सविंदणे हे त्यांतील एक गाव. बँकेत सहीविना कागद पुढे सरकत नसे. येथे एवढ्या ठेवीवर कवयित्रीची सहीच नाही!

पिठाची गिरणी आली, स्त्रियांचे श्रम वाचले, हे उत्तमच झाले. परंतु गाण्याचे निमित्त सरले. आता ओव्या उरल्या त्या वृद्ध कंठांत.

आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज मारवाड-गुजरातेतून येथे आले. त्यांच्या चोपड्या आपण जपल्या. घरातील स्त्रियांच्या गीतांची नोंद मात्र क्वचितच ठेवली. या चातुर्मासात आजीजवळ थोडे बसावे, तिचे गाणे मोबाईलवर ध्वनिमुद्रित करावे आणि खाली तिचे नाव व गाव अवश्य लिहावे.