यकृताचा आजार आणि मेंदूतील जोडण्या : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गैरसमज : यकृताचा जुना रुग्ण असंबद्ध बोलू लागला, की ती बाहेरची बाधा किंवा दारूची नशा असते.

वस्तुस्थिती : भानामतीची समजूत रुजलेल्या मराठवाड्यात, धाराशिवच्या गावांतही, असा रुग्ण दवाखान्याऐवजी देवऋषीकडे नेला जाण्याचा धोका असतो. प्रत्यक्षात सिरोसिसमध्ये, म्हणजे व्रणतंतू वाढून यकृत कठीण होते त्या अवस्थेत, आतड्यात तयार होणाऱ्या अमोनियाचे युरियात रूपांतर करण्याची यकृताची क्षमता घटते आणि आतड्यांकडील काही रक्त यकृताला वळसा घालून शरीरभर पसरते. मेंदूतील अ‍ॅस्ट्रोसाइट या आधारपेशी तेथे पोहोचलेल्या अमोनियाचे ग्लुटामाइन बनवतात, ते साठल्याने पेशींत पाणी शिरते आणि सूक्ष्म सूज येते. या स्थितीला यकृतजन्य मेंदूविकार म्हणतात. दारूप्रमाणेच हिपॅटायटिस ‘बी’, ‘सी’ आणि मधुमेह व स्थूलतेशी निगडित फॅटी लिव्हर यांतून झालेल्या सिरोसिसमध्येही तो उद्भवतो.

गैरसमज : शुद्ध हरपेपर्यंत मेंदू ठणठणीत असतो.

वस्तुस्थिती : मेंदूचे दूरदूरचे भाग एका लयीत काम करतात आणि या समन्वयाला जोडणी म्हणतात. रुग्ण स्वस्थ पडून असताना केलेल्या एफएमआरआय (मेंदूचे कार्य टिपणाऱ्या) तपासण्यांत, वरकरणी सावध दिसणाऱ्या रुग्णांमध्येही, आत्मचिंतनाशी संबंधित ‘डिफॉल्ट मोड’ जाळे, अवधानाची जाळी आणि मेंदूच्या आतील थॅलॅमस हा भाग व मेंदूचे बाह्यावरण यांच्यातील जोडण्या विस्कळीत झाल्याचे आढळले आहे. त्यामुळेच दिवसा झोप आणि रात्री जाग, हिशेबात चुका, मोटारसायकल चालवताना मंदावलेला प्रतिसाद, पसरलेल्या हातांच्या पंजांची फडफड ही लक्षणे बेशुद्धीच्या कितीतरी आधी दिसू शकतात.

गैरसमज : अशा रुग्णाची डाळ आणि दूध बंद करावे.

वस्तुस्थिती : स्नायूही अमोनियाचा काही भाग निकामी करत असल्याने प्रथिने तोडून स्नायू झिजवणे घातक ठरते. सामान्यतः वजनाच्या प्रतिकिलो १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने रोज सुचवली जातात, म्हणून ज्वारीच्या भाकरीसोबतचे तुरीचे वरण किंवा पिठले वैद्यकीय सल्ल्याने ताटात राहावे आणि लांब उपवास टाळावेत.

गैरसमज : मेंदूवर परिणाम झाला, आता उपचार नाही.

वस्तुस्थिती : बद्धकोष्ठता, जंतुसंसर्ग, पोटातील रक्तस्राव, शरीरातील पाणी कमी होणे किंवा झोपेच्या गोळ्या यांनी हा विकार उफाळतो, आणि ते कारण दूर केल्यास बहुतेक रुग्ण सावरतात. लॅक्ट्युलोज हे केवळ पोट साफ करणारे औषध नसून आतड्यातील अमोनिया घटवणारे आहे. दिवसातून दोन-तीन वेळा मऊ शौच होईल इतकी मात्रा ठेवतात आणि गरज पडल्यास रिफॅक्सिमिन हे प्रतिजैविक जोडतात. यकृत प्रत्यारोपणानंतर विस्कटलेल्या जोडण्या पुष्कळ अंशी सुधारतात, मात्र काही रुग्णांत दोष उरतो, यावरून उपचार लवकर सुरू करण्याचे महत्त्व कळते. सिरोसिसला कारणीभूत ठरणाऱ्या हिपॅटायटिस ‘बी’ व ‘सी’साठी २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी व औषधे मोफत आहेत. वेळीच उपचार मिळावेत म्हणून झोपेचे चक्र उलटल्याचे किंवा बोलणे भरकटल्याचे दिसताच, चालू औषधांच्या चिठ्ठ्यांसह रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात नेणे, हे घरच्यांचे पहिले कर्तव्य ठरते.