पहिले ५१२ बाइट

जुन्या लॅपटॉपला नवी हार्ड डिस्क बसवली की आधी प्रश्न येतो, डिस्कचे भाग म्हणजे पार्टिशन कोणत्या पद्धतीने नोंदवायचे, एमबीआर की जीपीटी? एमबीआर ही १९८३च्या पीसी-डॉस २.० पासूनची पद्धत. डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांपैकी फक्त ६४ बाइट पार्टिशनच्या नोंदींना. एका नोंदीला १६ लागतात, म्हणून मुख्य पार्टिशन चारच. सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत मावावा लागतो, त्यामुळे साधारण २ टेराबाइटपुढची जागा वायाच. जीपीटीत सहसा १२८ नोंदी, शिवाय त्यांच्या तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी. पण लॅपटॉप यूईएफआय फर्मवेअरच्या आधीचा, जुन्या बायोसवाला असेल तर विंडोज जीपीटी डिस्कवरून सुरू होत नाही. तिथे मुकाट्याने एमबीआर घ्यावी. पार्टिशन मात्र दोन पुरेत. सी, डी, ई, एफ अशी खिरापत वाटली, की नेमकी सीच आधी भरते!