यंत्र होडीवर, कंपायलर कुठे?

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये एका राष्ट्रीय योजनेची सुरुवात झाली. देशाच्या किनारपट्टीवरील मासेमारी नौकांवर १ लाख ट्रान्सपॉन्डर बसवायचे, हा तिचा उद्देश. इस्रोने विकसित केलेले हे यंत्र मोबाइलची रेंज संपल्यावरही उपग्रहामार्फत दोन्ही बाजूंनी संदेश नेते: वादळाचा इशारा होडीकडे, संकटाची हाक किनाऱ्याकडे. त्याआधी ऑक्टोबर २०१९ मध्ये हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सागरी माहिती संस्थेचे ‘जेमिनी’ हे उपकरण आले होते. त्यात इशारा फक्त होडीकडे येतो आणि ब्लूटूथने मोबाइलवर दिसतो. मे २०२१ चे तौक्ते चक्रीवादळ अनुभवलेल्या देवगड-मालवणच्या मच्छीमारांना अशा इशाऱ्याचे मोल वेगळे सांगायला नको.

मला काळजी वाटते ती अशा यंत्रांच्या पोटातल्या फर्मवेअरची, म्हणजे चिपमध्ये भरून ठेवलेल्या प्रोग्रामची. होडीवरचे उपकरण दहा-वीस वर्षे टिकावे अशी आपली अपेक्षा असते. ज्या लॅपटॉपवर त्याचा प्रोग्राम तयार झाला, तो पाच वर्षांतच मोडीत जातो.

लहान उपकरणांत सर्रास दिसणाऱ्या एसटीएम३२ कुळातल्या एका चिपमध्ये ६४ किलोबाइट फ्लॅश आणि २० किलोबाइट रॅम असते. प्रोग्रामचे चिपच्या सूचनांत रूपांतर करणारा नेहमीचा कंपायलर एवढ्या जागेत मावत नाही. म्हणून प्रोग्राम लॅपटॉपवर लिहून, तिथेच चिपला कळेल अशा सूचनांमध्ये उतरवून, तयार फाइल केबलने आत भरतात. अडचण इथेच आहे. कंपायलरची आवृत्ती बदलली की त्याच प्रोग्रामची वेगळी फाइल निघू शकते. थोडा वेळ थांबण्यासाठी लिहिलेला रिकामा लूप एक कंपायलर तसाच ठेवतो, दुसरा निरुपयोगी समजून काढून टाकतो. मग सेन्सरने उत्तर देण्याआधीच चिप पुढे निघून जाते. प्रोग्रामची एक ओळही बदललेली नसते, आणि यंत्र मात्र चुकते.

आणि जुने फर्मवेअर वर्षांनंतर पुन्हा बांधायची वेळ येऊ शकते. जीपीएसचेच पाहा. त्याच्या जुन्या संदेशरचनेत आठवड्याच्या क्रमांकाला १० बिटच आहेत, म्हणजे ० ते १०२३. सुमारे १९.६ वर्षांनी मोजणी पुन्हा शून्यावर येते. ती ऑगस्ट १९९९ मध्ये आली, एप्रिल २०१९ मध्ये आली, आणि पुढची पाळी नोव्हेंबर २०३८ ची. कितवे आवर्तन चालू आहे, हे रिसीव्हरने स्वतः ठरवायचे. त्यासाठी अनेक उत्पादकांनी फर्मवेअर तयार झाल्याची तारीखच आधाराला धरली. त्यामुळे अशा रिसीव्हरचे कॅलेंडर त्या तारखेपासून १०२४ आठवडेच बरोबर चालते. एप्रिल २०१९ मध्ये न्यूयॉर्क शहराचे सरकारी वायरलेस जाळे या आवर्तनामुळेच बंद पडले होते.

यावर उपाय म्हणजे सुधारलेले फर्मवेअर. बदलायची असते एखादी ओळ. पण जुना कंपायलर हाती नसेल आणि नव्याने बांधले, तर तिच्याबरोबर बाकीचेही बदलते, आणि वर्षानुवर्षे समुद्रात पारखलेले यंत्र पुन्हा नवखे होते.

प्रोग्रामबरोबर तो बांधण्याची सगळी सामग्री जपून ठेवायची, यासाठी कंटेनर आहे. लिनक्समध्ये एखाद्या प्रोग्रामला स्वतंत्र फाइल्स आणि मर्यादित साधने देऊन इतरांपासून वेगळे चालवता येते; यालाच कंटेनर म्हणतात. २०१३ साली आलेल्या डॉकरने ही सोय सर्वांच्या आवाक्यात आणली. डॉकरफाइल नावाच्या साध्या मजकुरात लिहायचे: अमुक लिनक्स, चिपसाठी अमुक आवृत्तीचा कंपायलर, अमुक लायब्ररी. त्यावरून बनलेली इमेज, म्हणजे या सगळ्याचा तयार संच, कुडाळच्या लॅपटॉपवर आणि पुण्याच्या सर्व्हरवर तीच साधने देते.

आवृत्तीच्या जागी ‘लेटेस्ट’ लिहिणे मात्र घातक. आजचे लेटेस्ट पुढच्या वर्षी वेगळे असते. नेमका आवृत्ती-क्रमांक लिहावा, शक्य तर इमेजचा एसएचए-२५६ ठसाही. प्रोग्राम स्वतःच बांधणीची वेळ फाइलमध्ये कोरत असेल, तर ती वेळही बाहेरून ठरवून द्यावी. मग दोन ठिकाणी बांधलेल्या फाइली बिट-बिट जुळतात की नाही, हे तपासता येते. मी तरी ही जुळणी झाल्याशिवाय काम पुरे मानणार नाही.

विंडोजवर डॉकर सहसा आभासी लिनक्समध्ये चालतो, त्यामुळे यूएसबीला जोडलेला बोर्ड कंटेनरला आपोआप दिसत नाही. सरळ मार्ग असा: बांधणी कंटेनरमध्ये, चिपमध्ये भरणे बाहेरून. इमेज एका फाइलमध्ये साठवून पेनड्राइव्हवरही नेता येते. जिथे नेट अधूनमधून जाते, तिथे ही मोठीच सोय. ती फाइल दोन ठिकाणी जपावी, कारण इंटरनेटवरची जुनी पॅकेजेस कायम राहतीलच असे नाही.

कोकणात जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. यंत्रात सुधारित फर्मवेअर भरायला हाच काळ सोयीचा. मच्छीमार संस्थांनी उपकरण घेतानाच विक्रेत्याला विचारावे: दहा वर्षांनी याचे फर्मवेअर पुन्हा बांधून द्याल का, आणि कशाच्या आधारे? मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनासारख्या संस्थांतल्या विद्यार्थ्यांनीही इलेक्ट्रॉनिक्सचा प्रकल्प सादर करताना सर्किट आणि प्रोग्रामसोबत डॉकरफाइल जोडावी, आणि शिक्षकांनी ती दुसऱ्या संगणकावर चालवून पाहूनच गुण द्यावेत.