चौसष्ट अक्षरांचा ठसा

फोनमधल्या ॲपने पाठवलेला फोटो सर्व्हरवर पोचेपर्यंत बिघडला नाही, हे कसे ओळखायचे? दोन्हीकडे त्याचा हॅश, म्हणजे ठसा, काढायचा आणि जुळवायचा. फाइल दोन केबीची असो की दोन जीबीची, शा-२५६ ही पद्धत तिचा ठसा काढते तो ३२ बाइटांचाच. सोळाच्या अंकपद्धतीत लिहिला की ६४ अक्षरे. फाइलमधला एक बिट उलटला तरी ठशातले सुमारे निम्मे बिट बदलतात.

ही पद्धत अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने रचली आणि एनआयएसटी या संस्थेने २००२ मध्ये ती अधिकृत मानकात आणली. तिच्याआधीची एमडी५ रॉन रिव्हेस्ट यांची, १९९१ सालची. २००४ मध्ये चिनी गणितज्ञ वांग शियाओयुन आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या मजकुरांचा एकच एमडी५ हॅश निघतो हे दाखवले. २०१७ मध्ये ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संशोधन संस्था आणि गूगल यांनी दोन निराळ्या पीडीएफना शा-१ या आधीच्या पद्धतीचा एकच हॅश मिळवून तिलाही निवृत्त करायला लावले. शा-२५६ च्या बाबतीत असे अजून कुणाला जमलेले नाही.

तिचे काम सरळ आहे. माहितीचे ६४-६४ बाइटांचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकडा ६४ फेऱ्यांतून घुसळायचा. सुरुवातीचे आठ आकडे पहिल्या आठ मूळ संख्यांच्या वर्गमुळांतून घेतलेले, तर फेऱ्यांचे ६४ स्थिरांक पहिल्या ६४ मूळ संख्यांच्या घनमुळांतून. आकडे असे उघड रीतीने निवडले की त्यांत कुणी चोरवाट लपवली असेल, ही शंका कमी होते.

या यंत्राला अक्षरे कळत नाहीत, फक्त बाइट कळतात. ॲप जावास्क्रिप्ट भाषेत लिहिले असेल, तर अडचण इथेच सुरू होते. १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपसाठी ती घडवली ती वेबपानांसाठी, मजकूर हाताळायला. कच्चे बाइट धरून ठेवणारे युइंट८ॲरे भाषेच्या मानकात आले ते २०१५ मध्ये. त्यामुळे बाइटही स्ट्रिंगमध्ये, म्हणजे मजकुराच्या साच्यात, कोंबायची सवय जुनी आहे आणि ती मोडलेली नाही.

जेपीईजी फोटोचे पहिले तीन बाइट २५५, २१६, २५५. ते यूटीएफ-८ या अक्षरसंकेतातला मजकूर समजून वाचले, तर यूटीएफ-८ मध्ये न बसणाऱ्या बाइटांच्या जागी 'अक्षर कळले नाही' असे सांगणारे चिन्ह येते. पुन्हा बाइट काढले की तेच चिन्ह २३९, १९१, १८९ होऊन बाहेर पडते. मूळ फोटो गेला, आणि हॅश निघाला तो या अवशेषांचा. दुसरी चूक बेस६४ ची. फाइल वाचणाऱ्या काही लायब्रऱ्या तीन बाइटांची चार अक्षरे करून देतात. ती न उलगडता हॅश काढला, तर तो फोटोचा नव्हे, त्या अक्षरमाळेचा असतो.

ब्राउझरमध्ये वेब क्रिप्टोचे डायजेस्ट थेट बाइट घेते, पण सगळी फाइल एकदम मागते. जावास्क्रिप्टमध्ये फोनची ॲप्स लिहायच्या रिॲक्ट नेटिव्हच्या गाभ्यात तर ही सोयच नाही. वेगळी लायब्ररी जोडावी लागते. मोठ्या व्हिडिओसाठी अँड्रॉइड किंवा आयफोनच्या मूळ सुविधेला तुकड्यातुकड्याने माहिती देणारी लायब्ररी निवडावी, म्हणजे मेमरीवर ताण येत नाही.

खरी गोम अशी की चुकीचा हॅशही तितकाच देखणा असतो. ६४ अक्षरे येतात, ॲप थांबत नाही, चूक झाल्याचा संदेशही दिसत नाही. मानकातले पहिले उदाहरण 'एबीसी' या तीन रोमन अक्षरांचे. त्यांचे बाइट १२८ च्या आतले, म्हणून स्ट्रिंगमधून फिरवून आणले तरी उत्तर बरोबर येते आणि डेव्हलपर निश्चिंत होतो. 'मराठी' हा शब्द जावास्क्रिप्टला पाच एककांचा वाटतो, यूटीएफ-८ मध्ये त्याचे १५ बाइट होतात. लांबी मोजून बाइट धरणारा कोड तिथेच पकडला जातो. पण हा शब्दही यूटीएफ-८ मध्ये नीट बसतो, त्यामुळे फोटो बिघडवणारी वाट त्याने उघडी पडत नाही. म्हणून चाचणीत ० ते २५५ हे सगळे बाइट एकदा तरी असावेत आणि उत्तर संगणकावरच्या स्वतंत्र साधनाशी जुळवावे. त्यानंतरच सर्व्हरवरच्या ठशाशी तुलना करण्यात अर्थ आहे.