मोटार जेव्हा ‘माल’ होते

तीन वर्षांपूर्वी चिरंजीवांची बदली बंगळुरूस झाली. सून तान्ह्या बाळाला घेऊन विमानाने गेली, सामान ट्रकने गेले, आणि घाटकोपरच्या आमच्या सोसायटीच्या आवारात मोटार तेवढी उरली. जवळपास हजार किलोमीटर ती चालवत नेण्यापेक्षा मोटारी वाहून नेणाऱ्या ट्रेलरमधून पाठवावी, असे ठरले. एका वाहतूकदाराचा माणूस आला आणि कागदावर सही घेऊन मोटार भिवंडीकडे घेऊन गेला. आठव्या दिवशी चिरंजीवांचा फोन आला: ‘‘बाबा, चालकाच्या बाजूच्या दाराची कड दुमडली आहे.’’

आम्ही भरपाई मागितली तेव्हा उत्तर मिळाले, ‘‘ही खोच आधीचीच.’’ माझ्याजवळची पावती काढून पाहिली. ‘वाहनाची स्थिती’ हा रकाना कोरा होता आणि त्याखाली माझी सही होती. बँकेत उभी हयात मी इतरांच्या बिल्ट्या तपासल्या. इंडियन बँक्स असोसिएशनच्या यादीतील वाहतूकदाराची बिल्टी आहे ना, मालाचे वर्णन बिलाशी जुळते ना, हे पाहिल्याशिवाय हुंडी वटवली नाही. घरच्या मोटारीच्या वेळी मात्र मी न वाचता सही केली होती. त्यानंतर हा विषय मी थोडा खोलात जाऊन समजून घेतला. आपल्या समाजातील मुले-मुली आज पुणे, हैदराबाद, अहमदाबाद अशी सर्वत्र विखुरलेली आहेत. म्हणून हा अनुभव वाचकांसमोर ठेवीत आहे.

मुळात ते दार का दुमडले? याचे उत्तर ट्रेलरच्या मापांत आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९३ वाहनाची कमाल मापे ठरवतो. रुंदी २.६ मीटर, ओढणारा ट्रक व ट्रेलर मिळून लांबी १८.७५ मीटर, आणि मोटारी वाहणाऱ्या ट्रेलरची उंची ४.७५ मीटर. आपली मोटार पावणेदोन मीटर रुंद धरली तर दोन्ही बाजूंना मिळून ८५ सेंटिमीटर उरतात. त्यातून ट्रेलरच्या भिंती आणि खांब वजा करा. मोटार आत नेऊन उभी करणाऱ्या चालकाला उरलेल्या फटीतूनच दार किलकिले करून बाहेर यावे लागते. घाईत दार खांबावर आपटते, आणि प्रवास सुरू होण्यापूर्वीच नुकसान होऊन जाते. जाणता माणूस मोटार डाव्या भिंतीकडे सरकवून उभी करतो, आरसे मिटतो आणि दाराच्या कडेला फडके किंवा फोम लावतो.

उंचीचेही गणित असेच तंग आहे. हल्लीच्या उंच गाड्या १.६५ मीटरच्या आसपास असतात. अशा दोन एकावर एक ठेवल्या की ३.३० मीटर होतात. उरलेल्या १.४५ मीटरमध्ये ट्रेलरच्या तळाची जमिनीपासूनची उंची, मधला मजला, छत आणि हिसक्यांसाठी मोकळी जागा, हे सारे बसवायचे असते. म्हणून वर ठेंगण्या गाड्या चढवणे, जड गाड्या खाली आणि ट्रेलरच्या आसांजवळ ठेवणे, अशी जुळणी करावी लागते. वर जाण्याचा उतार खालच्याच जागेतून जात असेल, तर वरचा मजला आधी भरतात आणि उतरवताना क्रम उलटा होतो. खाली लागणारी पहिली गाडी शेवटी चढली पाहिजे, एवढा हिशेब चुकला तरी वाटेत दुसऱ्याच्या गाड्या काढघाल करण्याची पाळी येते आणि प्रत्येक काढघालीत ओरखड्याचा धोका वाढतो.

जागा पुरेना म्हणून एखादी गाडी बाहेर डोकावू देणे हा मार्ग कायद्याने बंद केला आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार माल बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीत मर्यादेबाहेर गेल्यास २०,००० रुपये दंड आहे. शिवाय माल उतरवण्याचा खर्च द्यावा लागतो, आणि जादा माल उतरल्याशिवाय वाहन हलवता येत नाही. हे एवढे मोठे धूड बोरिवलीच्या किंवा मुलुंडच्या गल्लीत येऊच शकत नाही. म्हणूनच मोटार घरून चालवत यार्डापर्यंत नेली जाते. ही पहिली मजलही वाहतुकीचाच भाग आहे, म्हणून निघताना किलोमीटरचा आकडा लिहून घ्यावा.

आता बांधणीविषयी. युरोपातील मानकाप्रमाणे मालाच्या बांधणीने पुढच्या दिशेने वजनाच्या ०.८ पट आणि बाजूला व मागे ०.५ पट जोर सोसला पाहिजे. म्हणजे १,१०० किलोच्या मोटारीला ब्रेकच्या वेळी सुमारे ८८० किलोंचा रेटा धरून ठेवायचा. नुसत्या हँडब्रेकवर हे भागत नाही. चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत आणि पट्टे चाकांवरून घेऊन रॅचेटने आवळावेत. पट्टा गाडीच्या अंगाला बांधला तर खड्ड्यात स्प्रिंग दबताच तो सैल पडतो आणि पुढच्या हिसक्याला तुटू शकतो. चाक मात्र जागच्या जागी राहते, आणि वरचे अंग आपल्या स्प्रिंगांवर सुखाने हेलकावे घेते. थोडे अंतर गेल्यावर चालकाने थांबून पट्टे पुन्हा आवळायला हवेत.

कोकणात रेल्वेने वेगळी वाट काढली. मालाचे ट्रक वाघिणींवर चढवून नेण्याची सेवा कोकण रेल्वे १९९९ पासून चालवीत आहे. २०२५ च्या गणेशोत्सवात तिने कोलाड ते वेर्णा अशी खासगी मोटारींसाठीही तीच सोय सुरू केली. तिथेही मोटार वाघिणीवर चढते आणि बांधावी लागते.

शेवटी कागद. कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट, २००७ नुसार वाहतूकदारावर दावा लावायचा तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. फोनवरचे बोलणे नोटीस ठरत नाही. दुसरी गोष्ट विम्याची. मोटारीच्या ‘ओन डॅमेज’ विम्यात रस्त्याने किंवा रेल्वेने वाहून नेताना झालेले नुकसान सामान्यतः धरलेले असते. केवळ तृतीय पक्षाचा विमा असेल तर त्यातून काही मिळत नाही. आमचे दार अखेर विम्यातून दुरुस्त झाले. मात्र पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस गेला. माझ्या कोऱ्या रकान्याची किंमत चिरंजीवांनी भरली, आणि त्यांनी त्याविषयी एक शब्दही काढला नाही, हे मला अधिक लागले.

मागील दिवाळीनंतर भाच्याची मोटार अंधेरीहून अहमदाबादला गेली. या वेळी मी स्वतः उभा राहिलो. चारही बाजूंचे, छताचे आणि किलोमीटरच्या आकड्याचे फोटो तारखेसह काढले. जुने दोन ओरखडे बिल्टीवर नोंदवले आणि त्याखाली आलेल्या माणसाची सही घेतली. आतले मौल्यवान सामान आणि मूळ कागदपत्रे काढून घेतली, टाकीत थोडेच पेट्रोल ठेवले. तो माणूस जरा वैतागून म्हणाला, ‘‘काका, इतकं कोणी पाहत नाही.’’ मी त्याला चहा दिला आणि रकाना पूर्ण भरून घेतला. मोटार पाचव्या दिवशी पोहोचली. भाच्याने फोटो समोर ठेवून ती ताब्यात घेतली आणि मगच पोच सही केली.